गप्प बसणाऱ्यांनीच उघडावे

शेजारच्या नव्या मंडळींना,

गुरुवारी तुमचं सामान चढलं. शुक्रवारी सकाळी तुमच्या वहिनी दाराशी दूध घेत होत्या. मला म्हणाल्या, "काकी, इथे पाणी कधी येतं हो?" मी नुसती हसले, पाच बोटं दाखवली आणि दार लावून घेतलं. तुम्हाला वाटलं असेल, शेजारीण भलतीच आखडू दिसते.

तसं नाही हो. नाहूर स्टेशनपासून आपल्या गेटापर्यंत माझ्याइतकी बोलकी बाई मिळायची नाही. हे सगळं तोंडानेच सांगायचं, तर आता ते जमत नाही. का, ते पुढे येईलच. शिक्षण आठवीपर्यंत, तेव्हा अक्षर आणि शुद्धलेखन सांभाळून घ्या. वही शेवटपर्यंत वाचा. मात्र मोठ्याने वाचू नका, एवढं ऐका माझं.

आपल्या मजल्यावर चार दारं. एक माझं. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला, त्यामुळे घरात मी एकटीच. समोर जयवंतकाका, मूळचे कुडाळचे, गिरणीत होते, आता चौऱ्याऐंशीचे आणि डोळ्यांनी अधू. त्यांना दिवसातून दोनदा पेपर वाचून दाखवायचं काम माझं. तिसरं दार धम्मपाल आणि चेतनाचं. धम्मपाल अंधेरीला जुन्या फिल्म साफ करून कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करतो. चेतनाला नववा महिना लागलेला. आणि चौथा फ्लॅट तुमचा. तो दोन वर्षं रिकामा होता आणि त्याची चावी माझ्याकडे असायची.

सगळ्यांच्याच चाव्या माझ्याकडे असतात. कुरियरवाला असो, बँकेचा चौकशीवाला असो, मुलगी बघायला आलेले पाहुणे असोत, सगळे आधी माझी बेल वाजवतात. कोण कुठे कामाला, कोण किती वाजता येतं, विचारायचा अवकाश की उत्तर तयार. धम्मपालच्या घरमालकाने माणूस पाठवला होता, घरात मांजर पाळलंय का बघायला. मी मांजरीचं नावसुद्धा सांगितलं. मांजर गेली भांडुपला चेतनाच्या आईकडे. नंतर महिनाभर धम्मपाल मला बघून तोंडावर बोट ठेवायचा. "काकी, तुमच्यासमोर शिंकलो तरी सोसायटीच्या बोर्डावर लागेल." हसण्यावारी नेलं त्याने. मीही.

महिन्यापूर्वी सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं. ज्याने त्याने आपापले माळे रिकामे करायचे. काकांचा माळा काढायला धम्मपाल शिडीवर चढला आणि मी खाली उभी राहिले. मदतीला म्हणून नाही, काय काय निघतं ते बघायला. पितळी घंगाळ निघालं, मोडका पंखा निघाला, आणि सगळ्यात मागून एक पत्र्याचा डबा निघाला, पोळ्यांच्या डब्याएवढा. लाल कापडात बांधलेला, गाठीवर गाठ. वर दोऱ्याने शिवलेली चिठ्ठी. मी ती लगेच वाचून टाकली.

"गप्प बसणाऱ्यांनीच उघडावे."

"बघ बाई, म्हणजे काकी बाद," धम्मपाल म्हणाला. सगळ्यात आधी हसले ती मीच.

काका मात्र हसले नाहीत. "ठेव तां वर," म्हणाले. "माझ्या आजोचा आसा. सोडू नको."

पण मी कसली ऐकते! काय आहे ते कळल्याशिवाय मला रात्री झोप लागली नसती. "अरे, कापून टाक की गाठी, कटर आहे ना तुझ्याकडे? काकांना कुठे दिसतंय," असं मी त्याच्या कानात म्हटलं. माझेच शब्द. धम्मपालने गाठी कापल्या. आत फिल्मचं रीळ होतं. वास असा आला की मी पदर नाकाला लावला, जुनी चिंच सडावी आणि त्यात कुणी केस जाळावेत तसा. धम्मपालचे डोळे मात्र चमकले. "काकी, हा मुका सिनेमा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा. ही फिल्म पेटली ना, तर पाण्यानेही विझत नाही. घरात ठेवायची वस्तू नाही ही."

वासावरून काकांना कळलंच. आधी चिडले, मग त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. सीताराम त्यांचं नाव. लालबागकडच्या एका थेटरात ते वाचणारे होते. मुक्या सिनेमात मधे मधे अक्षरांच्या पाट्या यायच्या, आणि गिरणीतल्या माणसांना कुठलं वाचता येतंय? म्हणून पडद्याच्या बाजूला एक माणूस खुर्ची टाकून बसायचा आणि पाट्या खड्या आवाजात वाचायचा. शेजारी हार्मोनियमवाला. त्यांच्या थेटरात धोंडिराम म्हणून होता, आजोबांचा जिवलग.

"सिनेमा शिवकाळातलो," काका म्हणाले, "पण लोकांका कळायचा. सरदार मोगलाचो, आणि मागे खरो कोण तां कळायचा. गावच्या माणसांका ओळीत उभे करून सरदार विचारता, गडावर मशाल कोणी नेली? मग पाटी येता, नाव सांगा. आजो वाचायचो, नाव सांगा! आणि अख्खा थेटर गप. शिट्ट्या मारणारे, शेंगा खाणारे, सगळे गप. खोकलोसुद्धा गिळायचे. दुसरी पाटी येईपर्यंत कोण श्वास सोडायचो नाय. मागे पोलीस उभे असायचे. पण गप बसल्याबद्दल कोणाक पकडतले?"

सांगताना म्हातारा नुसता फुलला होता. पुढे पोलिसांनी तेवढा तुकडा कापायला लावला, आणि आजोबांनी तो लपवून घरी आणला. घराण्याचा मान तो एवढाच. सीतारामाने नाव सांगितलं नाही.

धम्मपाल रीळ घेऊन गेला. पंधरा दिवसांनी त्याने सगळं उतरवून पेनड्राइव्ह आणला. काकांचा हट्ट म्हणून डबाही परत आणला. रविवारी दुपारी तीन वाजता काकांच्या हॉलमध्ये खिडक्यांना चादरी लावल्या आणि टीव्ही सुरू केला. चेतना पाय सुजले म्हणून घरीच पडली होती. आम्ही तिघंच होतो, आणि पाट्या वाचायचं काम माझं.

बाहेर टळटळीत ऊन, खाली मुलं क्रिकेट खेळतायत, आणि आत टीव्हीचा करडा उजेड. सिनेमा सुरू झाला तसा तो वास आला. डबा आत कपाटात बंद होता. टीव्हीत होता तो नुसता पेनड्राइव्ह, बोटाएवढा. तरी वास आला... मी धम्मपालकडे पाहिलं. त्यालाही येत होता.

पडद्यावर गडाखालचं गाव. माणसं ओळीत उभी, पागोटी, उघडे पाय. मी मोजली, आठ. सवयच आहे मला. सात जण मावळ्यांच्या वेषात, आणि तिसरा मात्र कोट आणि काळी टोपी घातलेला.

"हा कोण रे कोटवाला मावळा?" मी म्हटलं.

"असेल कोणी कॅमेऱ्यात घुसलेला," धम्मपाल म्हणाला.

त्या कोटवाल्याची बोटं सारखी हलत होती. मांडीवर, टिपटिप, टिपटिप, काहीतरी वाजवल्यासारखी.

सरदार ओळीपुढून चालत आला. दाढी, किनखापी झगा. शेवटच्या माणसापुढून तो वळला आणि सरळ आमच्याकडे बघू लागला. मग पाटी आली. काळ्यावर पांढरी जुनी अक्षरं. मी वाचलं,

"गाठी कोणी कापल्या? नाव सांगा."

आता बघा, मला कुणी विचारलं आणि मी सांगितलं नाही असं आयुष्यात झालेलं नाही. विचार करायला वेळच लागत नाही मला.

"धम्मपालने," मी म्हटलं.

खालचा क्रिकेटचा आवाज थांबला. पंख्याचाही थांबला. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता... चार-पाच श्वासांपुरतंच. मग सगळं परत सुरू झालं. सरदाराने मान डोलावली आणि सिनेमा संपला.

"काय काकी," धम्मपाल हसत म्हणाला, "माझं नाव कशाला मधेच? आणि गाठीबिठी कुठून आणल्या? पाटीवर नुसतं 'नाव सांगा' होतं."

काकांनी माझं मनगट धरलं. "तू काय वाचलंस?" ते म्हणाले. "परत सांग... नको. सांगू नको."

सोमवारी चेतना म्हणाली, यांचा घसा बसलाय. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन, गरम पाणी प्या. बिचारा ओठ हलवून खुणेने बोलत होता आणि मी त्याला हळदीचं दूध नेऊन देत होते.

मंगळवारी मी दाराशी बसून भाजी निवडत होते. जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतंय ते मी न बघता सांगते. मान वर केली तर धम्मपाल समोर उभा. दोन जिने चढून आला होता, पायात बूट, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

बुधवारी खाली त्याने मोटरसायकल सुरू केली. सायलेन्सरमधून धूर येतोय, गाडी थरथरतेय, आणि तिच्या चाकाला टेकून झोपलेल्या कुत्र्याचा कानसुद्धा हलला नाही.

गुरुवारी माझ्या देखत त्याच्या हातून स्टीलचं ताट पडलं. फरशीवर तीनदा उडालं, गरगरलं, आडवं झालं. शुकशुकाट. चेतना भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची धरून उभी होती. मला किचनमध्ये ओढून म्हणाली, "काकी, मी त्यांच्या छातीला कान लावला होता. छाती वरखाली होतेय. पण आत... आत आवाजच नाहीये. माझ्या पोटातलं बाळ ऐकू येतं मशीनवर, आणि हे नाही. काय झालंय त्यांना? तुम्हाला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, सांगा ना!"

मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

मी तडक काकांकडे गेले. ते अंधारातच बसले होते. त्यांना दिव्याचं काय! मी म्हटलं, "काका, खरं सांगा."

मग म्हणाले, "आमच्या आजोनच नाव सांगितल्यान."

"कोणाचं?"

"धोंडिरामाचा. एका खेळाक पाटी बदलली. पत्रकां कोणी वाटली, नाव सांगा. फक्त आजोक दिसली. बाकीच्यांका नेहमीचीच. वाचणारो तो, तोंड चालूच ऱ्हवला... आणि नाव गेला. दुसऱ्या दिवसापासून धोंडिराम हार्मोनियम वाजवायचो. भातो हलायचो, बोटां चालायची, आवाज नाय. नवव्या दिवशी माणूसच नाय. सिनेमात आधी सात माणसां होती गो. मगे आठ झाली."

माझ्या डोळ्यांपुढे ती मांडीवरची बोटं आली.

"आजो रोज जाऊन गप बसायचो," काका म्हणाले. "काय उपयोग? एकदा नाव दिला की तेका दुसरा नाव होया, तरच पयला सुटता. आजोक आपला नाव देवचो धीर झालो नाय. घरात तीन पोरां होती. म्हणान गाठी मारल्यान. माका वाटला, टीव्हीवर तां येवचा नाय." मग हळूच म्हणाले, "मी म्हातारो. मीच जातंय बसाक. पण माका पाटी दिसाची नाय ना..."

रडले हो. मीही रडले. आणि घरी येऊन विचार केला. गाठी कापल्या त्याने, पण कापायला लावलं कुणी? पाटीने विचारलं ते खरं, आणि मी सांगितलं ते अर्धं.

शनिवारी दुपारी काका झोपले होते. मी त्यांच्या हॉलमध्ये चादरी लावल्या, पेनड्राइव्ह लावला आणि समोर बसले. वास आला. ओळ आली. आठ नव्हे, नऊ. नववा अजून नीट उमटला नव्हता, काचेवरच्या वाफेसारखा होता. पण चौकडीचा शर्ट मी ओळखला. मागच्या दिवाळीत मीच त्याला दिला होता. तो मान हलवत होता, नको, नको... मला की सरदाराला, कोण जाणे.

सरदार वळला. आज तो जवळ होता. झग्यावरच्या जरीच्या तारा मोजता आल्या असत्या. पाटी आली.

"हे नाव खोडायचं आहे? मग दुसरं सांगा."

सगळ्या बिल्डिंगची नावं तोंडपाठ असलेली बाई मी, पण स्वतःच्या नावाची तीन अक्षरं काढताना जीभ टाळ्याला चिकटली. त्या घटकेला मनात काय काय आलं ते लिहिते, लपवत नाही. वॉचमनचं नाव आलं. माझ्या नणंदेचं आलं. ओळख नसलेल्या माणसाचं नाव सांगून टाकू, असंही आलं... मग पलीकडून चेतनाची किंकाळी ऐकू आली. कळा सुरू झाल्या होत्या, आणि धम्मपालला मदतीला हाक मारता येत नव्हती.

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. माहेरच्या आडनावासकट, म्हणजे घोळ नको.

सरदाराने मान डोलावली. आणि भिंतीपलीकडून आवाज आला, घोगरा, फाटलेला, पण आवाज, "चेतना! रिक्षा बोलावतो, थांब! काकी! ओ काकी!"

मी ओ दिली. मला वाटलं, दिली.

मुलगी झाली. छान आहे, नाक बापाचं. आज आठ दिवसांची झाली. कालच घरी आणली. रडते तेव्हा तीन मजले दणाणतात, आणि मी दाराला कान लावून ऐकत बसते. धम्मपाल विचारतो, "काकी, बोलत का नाही? रागावलात?" मी घशाकडे बोट दाखवते. मुलाला मेसेज केलाय, थंडी बाधली म्हणून. धम्मपालला काही आठवत नाही, चेतना बाळात गुंतलीय, आणि त्याला कळता कामा नये. कळलं तर तो जाऊन परत स्वतःचं नाव देईल, तसाच आहे तो. मांजरीचं सुद्धा सांगणारी मी, एवढं एक मात्र पोटात ठेवलंय.

आता तुमचं काम. डबा आणि पेनड्राइव्ह मी त्याच शनिवारी लाल कापडात बांधून तुमच्या घराच्या माळ्यावर मागच्या कोपऱ्यात ठेवला. तेव्हा घर रिकामं होतं. बुधवारी एजंट चावी मागायला आला तेव्हा त्याला थांबवायला माझ्याकडे आवाज नव्हता. तो डबा तिथेच राहू द्या. जाळा म्हणाल, तर पेटल्यावर विझणार नाही. आणि आत माणसं उभी आहेत हो. त्यांना कसं जाळायचं? धम्मपालला दाखवू नका. काकांना पेपर वाचून दाखवता आला तर दाखवा, त्यांना पहिलं पान आवडतं. गाठी सोडू नका. आणि चुकून कधी सुटल्याच, समोर पाटी आलीच, तर गप्प बसा. खोकलासुद्धा गिळा.

उद्या नववा दिवस. म्हणून आजच तुमच्या हातात वही द्यायला आले होते. तुमची बेल तीनदा दाबली. आत लाइट होता, तुम्ही बोलत होतात. बेल वाजली नाही. मग दारावर हात आपटले. शेवटी वही खालून सरकवतेय.

जाता जाता एकच विचारते, जुनी खोड. तुमच्याकडे कोण वाजवतं हो? शुक्रवारपासून रोज दुपारी तीनला तुमच्या घरातून हार्मोनियमचा आवाज येतोय. छान वाजवतात. पण गुरुवारी तुमचं सामान चढत होतं तेव्हा मी खिडकीत उभी राहून एकेक वस्तू बघितली आहे. फ्रिज, दोन गाद्या, शिलाई मशीन, तुळशीची कुंडी, अकरा खोकी. त्यात हार्मोनियम नव्हती.